हिराजीचा डावा कोपरा

डिसेंबर लागल्याची बातमी मला कॅलेंडर देत नाही. माझ्या मेव्हण्याचा डावा घोटा देतो. बेलापूरच्या हवेला जरा कोरडी धार आली, सकाळी डोंगराच्या माथ्यावर धुकं टेकलं, की करावेहून काशिनाथचा फोन येतो. "भाऊ, ठनकायला लागला." बस, एवढंच. मी खिडकी उघडून नाक बाहेर काढतो आणि दहाव्या मजल्यापर्यंत ताज्या पेंढ्याचा वास येतो. बायको म्हणते, खाली सोसायटीतलं गवत कापलंय. म्हणू दे. गवताच्या वासाने माणसाचे डोळे असे भरून येत नाहीत.

परवा लिफ्टमध्ये आमच्याच इमारतीतले दोन तरुण वाद घालत होते. टीव्हीवरच्या कबड्डीतला कुठलासा कोपरारक्षक म्हणे यंदा चालत नाही, त्याला त्याचा संघ सोडणार, बदल्यात दुसऱ्या संघाचा एक चढाईपटू घेणार. "पक्की खबर आहे, अंकल," एकाने मला सांगितलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, पोरांनो, पक्की खबर कशी तयार होते ते मला विचारा. असली पहिली खबर या खाडीकाठावर मीच उठवली होती, आणि तुमच्या खेळाडूंची बदली सही-शिक्क्यावर होते, आमच्या वेळी त्यासाठी वरात काढावी लागायची.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं किंवा ऐंशीचं नुकतंच सुरू झालं होतं. नवं शहर अजून कागदावर जास्त आणि जमिनीवर कमी होतं. आता जिथे सीबीडीची ऑफिसं उभी आहेत तिथे तेव्हा चार इमारती, दोन रस्ते आणि हजारभर बगळे होते. आमचं गाव त्या बगळ्यांच्या पलीकडे, खाडीला पाठ लावून बसलेलं. भात कापून झालं, मळणी उरकली, की खाचरं मोकळी व्हायची आणि गावाला कबड्डी चढायची. चढायची म्हणजे ताप चढतो तशी. म्हातारी माणसं काठी टेकत मैदानात यायची आणि काठी विसरून धावत घरी जायची. आमच्या शेजारचा रेडा पंचाची शिट्टी ऐकून मध्यरेषेवर उभा राहायचा. खोटं वाटत असेल तर रेड्याला विचारा. तो आता नाही, ही माझी चूक नव्हे.

आमच्या संघाचा डावा कोपरा म्हणजे हिराजी. बापजाद्यांपासून मिठागरावर राबलेला गडी. वयाच्या दहाव्या वर्षापासून मीठ ओढून त्याच्या तळहातांना अशी काही धार आली होती की तो म्हशीच्या पाठीवरून प्रेमाने हात फिरवायचा आणि तेवढ्या पट्ट्यातले केस उडायचे. बोय मासा त्याच्या हातात दिला की खवले आपोआप गळायचे. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा त्या हातात एकदा सापडला की सुटायची बातच नको. घामाने भिजलेला पाय असो, तेल चोपडलेला असो, हिराजीचा हात खरखरीत कानसेसारखा चिकटायचा. आणि त्याचा एक नेम होता. समोरचा गडी मेला, बाद झाला, रडायला लागला, तरी पंचांची शिट्टी वाजेपर्यंत घोटा सोडायचा नाही. "शिट्टी झाली नाय, तं पकड संपली नाय," असं तो म्हणायचा. एकदा पंचांच्या शिट्टीतला दाणा पडला. तो शोधेपर्यंत पाहुण्या संघाचा गडी हिराजीच्या हातात अर्धा तास पडून होता. तिथेच त्याला चहा पाजला.

असा हा हिराजी त्या मोसमात ढेपाळला. दोन महिन्यांत एक पकड नाही. घोटा धरायचा, लोक उठून उभे राहायचे, आणि पाय साबणाच्या वडीसारखा सटकन निसटून जायचा. पहिल्या सामन्यात लोक म्हणाले, होतं कधीकधी. दुसऱ्यात म्हणाले, दृष्ट लागली. तिसऱ्यात त्याच्या आईने मिरच्या उतरून टाकल्या, त्यांचा ठसका करावेपर्यंत गेला. चौथ्या सामन्यानंतर लोक काहीच बोलले नाहीत, आणि गावातली माणसं गप्प बसली की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलं.

संघाचा कारभार बाळारामदादाकडे होता. दादा म्हणजे छाती अशी की सदऱ्याची वरची दोन बटणं जन्मापासून बेकार. आमच्या गावची स्पर्धा आठ-दहा दिवसांवर आली होती. दादाने देवळापुढे सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "हिराजी यंदा बसंल. कोपऱ्याला दुसरा बगू." हिराजी कोपऱ्यात उकिडवा बसला होता. उठून गेला.

इथे मी प्रवेश करतो.

मी तेव्हा नव्या शहराच्या एका ऑफिसात आवक-जावक कारकून होतो. दिवसाला पंधरा पत्रं यायची, सतरा जायची. वरची दोन कुठून यायची ते मलाही कळलं नाही. उरलेला वेळ नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर. तिथे बसून रोज काहीतरी ताजं सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आपोआप पडली होती. त्या दिवशी सांगण्यासारखं काहीच नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी बशीतला चहा भुरकून म्हणालो, "हिराजीला करावेवाले मागतात."

बस्स. टपरीवरचा स्टोव्हसुद्धा गप्प झाला.

आता यातली मेख सांगायला हवी. आमच्याकडच्या स्पर्धांत नियम एकच आणि लोखंडी: खेळणारा गावचा पोरगा हवा, नाही तर गावचा जावई. बाहेरचा गडी चालायचा नाही. म्हणजे करावेला हिराजी हवा असेल तर करावेची मुलगी त्याला द्यायला हवी. आणि आम्ही आमचा गडी फुकट का द्यावा? मग त्यांचा एक गडी आम्हाला हवा, म्हणजे आमची एक मुलगी तिकडे. याला साटंलोटं म्हणतात, आणि आमच्या भागात ते होतही असे. फक्त कबड्डीसाठी अजून कोणी केलं नव्हतं.

"बदल्यात कोन देतान?" टपरीवाल्याने विचारलं.

"काशिनाथ," मी म्हणालो. काशिनाथ म्हणजे करावेचा चढाईचा हुकमी एक्का. माणूस नव्हे, निवटी. चिखलातून हा हा म्हणता निसटणारा तो मासा.

"काशिनाथ!" सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. टपरीच्या छपराची ताडपत्री आत ओढली गेली.

"मंग त्याना पोरगी कोनाची?"

इथे माझी जीभ घसरली. थांबायला हवं होतं. पण चौदा डोळे तोंडावर लागलेले असताना थांबतो तो कारकून, कथेकरी नव्हे. डोक्यात पटकन एकही उपवर मुलगी येईना. आली ती एकच. "आमची सुमन," मी म्हणालो, आणि आपण आपल्याच बहिणीला कबड्डीच्या बदलीत घातलं, हे चहा संपल्यावर माझ्या लक्षात आलं.

अफवेला पाय असतात असं लोक म्हणतात. माझ्या अफवेला सायकल होती. दुपारपर्यंत ती गावभर फिरली, संध्याकाळी खाडी ओलांडली. दुसऱ्या दिवशी टपरीवर तीच मला परत ऐकायला मिळाली, अंगाने चांगली भरलेली. काशिनाथ एकटा जास्त भारी पडतो, म्हणून आपल्याला हिराजीवर एक बैल द्यावा लागेल. नाही नाही, बैल नाही, होडी. कोणी म्हणालं हिराजीने करावेवाल्यांशी आधीच संधान बांधलंय, म्हणून मुद्दाम घोटे सोडतो. हे ऐकून मात्र माझा चहा थंड झाला. मी म्हणालो, "अरे, तसं काय नाय." तर टपरीवाला मलाच म्हणतो, "तुना काय म्हाइत? आमी पक्क्या मानसाकडनं आयकलंय."

घरी गेलो तर आई दारात, हातात झाडू. "माज्या सुमनला कबड्डीवं लावली? बैल हाय काय ती? कोन त्यो मुडदा ज्यानं ह्ये उठवलं, मना त्याचं नाव पायजे." मी म्हणालो, "शोधतो, आय." आणि शोधायला बाहेर पडलो ते जेवायच्या वेळेलाच परतलो.

दोन दिवसांनी तर कहर झाला. दुपारची वेळ, रविवार, सुमन अंगणात बोंबील वाळत घालतेय, मी ओटीवर पेपरामागे. फाटकाशी सायकल टेकवून एक शिडशिडीत गडी उभा.

"कोन पायजे?" सुमन.

"मी काशिनाथ. करावेचा." त्याने टोपी काढली, परत घातली. "माजं हितं साटंलोटं ठरलंय म्हनं. बगायला आलो."

"मना कोनी इचारलं नाय."

"मना पन नाय," तो म्हणाला. "म्हनून तं आलो."

सुमनने एक बोंबील उचलून उलटा केला. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "लय निसटतंस म्हनं तू. आमच्या हिरादादाच्या कोपऱ्यातनं निसटून दाव. मंग इचार मना."

"तुजा हिरादादा संपला," काशिनाथ हसला. "आता त्याच्या हातातनं म्हातारी पन निसटंल." आणि सायकलवर टांग मारून गेला. पण फाटकाशी दोनदा वळून बघितलं. दोन्ही वेळा बोंबलांकडे बघत नव्हता, एवढं मी पेपराच्या भोकातून पाहिलं.

आता हिराजी का ढेपाळला होता? याचं उत्तर सगळा गाव आकाशपाताळात शोधत होता, आणि ते माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होतं. त्या मोसमाआधी मिठागर बंद झालं होतं, जमीन नव्या शहरासाठी गेली होती, आणि बदल्यात हिराजीला आमच्याच ऑफिसात शिपायाची नोकरी लागली होती. काम हलकं. नकाशे काढायचे, साहेबांपुढे उलगडायचे, परत गुंडाळून ठेवायचे. नव्या शहराचे ते नकाशे पातळ, तलम कागदावर काढलेले. पहिल्याच दिवशी हिराजीने एक नकाशा उलगडला आणि त्याच्या तळहाताने तो उभा चिरला. एक पूर्ण सेक्टर दोन तुकड्यांत. साहेब बिचारे भले माणूस. ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "हिराजी, हे हात आहेत की कानस? साबणाने धूत जा. आणि ग्लिसरीन लाव रोज." हिराजीला एकदा सांगितलं की सांगितलं. तो दिवसातून अकरा वेळा गुलाबी साबणाने हात धुवायचा आणि अकरा वेळा ग्लिसरीन चोळायचा. मी रोज बघत होतो. बघूनही मला काही दिसलं नाही, कारण माझं सगळं लक्ष अफवेच्या तब्येतीकडे होतं.

दिसलं ते सुमनला. त्याच संध्याकाळी हिराजी आमच्याकडे आला. दारात उभा राहिला. सुमनने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, आणि तांब्या त्याच्या हातून सटकून ओटीवर आपटला. सुमनने सरळ त्याचा तळहात धरून उजेडात नेला. "हिरादादा, ह्यो हात कोनाचा? लोन्याचा गोला हाय नुसता. ह्या हातात घोटा ऱ्हानार कसा?"

हिराजी आपल्या हाताकडे असा बघत राहिला जसा कोणी दुसऱ्याचा जोडा घालून आल्यावर पायाकडे बघतो. मग ओटीवर बसला आणि माझ्याकडे वळला. त्या मोसमातलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं तेच.

"तू लिवनारा मानूस हाईस. दादाला जरा सांग. मिठागर गेलं, मी काय बोल्लो नाय. खाचरं गेली, काय बोल्लो नाय. सायेबाच्या नकाशात बगतो तं माजं शेत कुटं व्हतं त्ये बी गावत नाय. आता गावात माज्या नावावं येकच जागा ऱ्हायली. त्यो डावा कोपरा. त्यो तेवडा नका घेव. करावेला कशाला धाडतां मना?"

मी पेपर खाली ठेवला. थापा मारणाऱ्या माणसाचं एक दुःख असतं. खरं बोलायची वेळ आली की त्याच्याकडे शब्दच नसतात. रोजच्या सरावातले सगळे खोट्याच्या कामाचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे नव्हे, चांगलं उजाडल्यावर, मी मिठागराकडे गेलो. बंद पडलेल्या कोंड्यांत, म्हणजे मिठाच्या वाफ्यांत, कोणी न उचललेलं मीठ तसंच पडून होतं, जाड, करडं, उन्हात लुकलुकणारं. हिराजी गुडघ्यावर बसून दोन्ही हात त्या मिठात खुपसून चोळत होता, पीठ मळावं तसा. सुमनने त्याला सांगितलेला उपाय. मी त्याच्या शेजारी बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. साटंलोटं खोटं, काशिनाथ खोटा, बैल आणि होडी लोकांची, पण मूळ माझं.

हिराजीने नुसतं माझं मनगट धरलं. "सुटतो काय बग," म्हणाला. मी ओढलं. झटकलं. उभा राहून दोन पायांनी जोर लावला. पहिल्या दिवशी तिसऱ्या झटक्याला सुटलो. दुसऱ्या दिवशी दहाव्या. त्याने मला शिक्षा म्हणा, सरावाचं सामान म्हणा, रोज सकाळी ऑफिसआधी तिथे बोलावलं. सहाव्या दिवशी मी सुटलोच नाही. ऑफिसला दोघेही तसेच गेलो, माझं मनगट त्याच्या हातात. साहेबांनी विचारलं तर मी म्हणालो, रस्त्यात गर्दी होती. त्या मनगटावर आजही घड्याळ सैल होतं.

नकाशांचं काय? हिराजीने त्याची तोड काढली. नकाशा उलगडायचा तो कोपराने. दोन्ही कोपरं टेकवून, हात वर धरून, नमस्कारात थबकल्यासारखा. साहेबांना वाटायचं, केवढा आदर.

बाळारामदादाकडे मी स्वतः गेलो. सगळं कबूल केलं. दादाची उरलेली बटणंही तुटतील की काय असं वाटलं. पण दादा शेवटी एवढंच म्हणाला, "तुजं तोंड स्पर्धा व्हईतोवर बंद. आनि हिराजीला येक डाव देतो. सुटला, तं मंग जल्मात नाय."

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशीची दुपार मला इंच इंच आठवते. कापलेल्या खाचरात माती बसवून केलेलं मैदान, चुन्याच्या रेषा, पाण्याचा सडा, भोवती पेंढ्याच्या उडव्यांवर बसलेली माणसं. एका उडव्यावर इतके चढले की ती उडवी माणसांसकट हळूहळू पुढे सरकत मैदानात आली. कांदाभजी, उसाचा रस, खाडीवरून येणारा खारा वारा. बायकांच्या बाजूला सुमन आणि आमची आय. आयच्या हातात झाडू का होता ते मी विचारलं नाही. आणि समोर, अर्थातच, करावे. अंतिम सामन्यात दुसरं कोण असणार?

दादाने हिराजीला डाव्या कोपऱ्यात उभा केला तेव्हा गर्दीतून आवाज आला, "अरे, ह्यो कोनाकडनं खेलतो?" हसण्याची लाट आली. ती लाट मीच सोडली होती, ती माझ्याच तोंडावर येऊन फुटली. हिराजीने वाकून मूठभर माती हातावर चोळली.

सामना बरोबरीत आणि शेवटची चढाई करावेची. काशिनाथ आला. त्याचं "कबड्डी कबड्डी" म्हणजे भुंगा कानात शिरावा तसं. मध्ये नाचला, उजवीकडे खोटी उडी, आणि विजेसारखा डावीकडे. पायाचा अंगठा हिराजीच्या मांडीला टेकला. करावेवाले उठलेच, जिंकलो म्हणून. काशिनाथ परत फिरला, आणि त्याच क्षणी हिराजीचा हात त्याच्या डाव्या घोट्यावर बसला.

निवटीने जोर लावला. मैदान हललं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, काशिनाथने हिराजीला ओढत नेलं, हिराजीच्या मागे दोन गडी, त्यांच्या मागे चुन्याची रेषाही चार बोटं सरकली. मध्यरेषा वीतभर राहिली. मग बोटभर. काशिनाथने हात लांब केला, नखं वाढवलेली असती तरी टेकली असती. आणि तिथे दम संपला. "कबड्डी"चा शेवटचा "डी" त्याच्या घशातच राहिला.

गावाने जो ओरडा केला तो ऐकून द्रोणागिरीच्या डोंगरावरची माकडं म्हणे दोन दिवस खाली उतरली नाहीत. टोप्या, पेंढा, भजी, सगळं हवेत. पंचांना मात्र गर्दीने उचलून खांद्यावर घेतलं होतं आणि त्यांची शिट्टी खाली मातीत पडली होती. कोणाच्या लक्षात आलं नाही. गाव नाचत होता आणि मधोमध हिराजी काशिनाथचा घोटा धरून पालथा पडलेला, डोळे मिटलेले.

"सोड रे बाबा, हारलो," काशिनाथ म्हणाला.

"शिट्टी झाली नाय," हिराजी म्हणाला.

बाळारामदादा सोडवायला गेला तर त्यालाही सुटेना. शेवटी सुमनने शिट्टी शोधली, पदराला पुसली आणि स्वतः फुंकली.

आठ दिवसांनी काशिनाथ आमच्या दारात आला, लंगडत. आयने झाडू घेतला, ठेवला. काशिनाथ सुमनला म्हणाला, "निसटलो नाय. म्हनून इचारायचा हक नाय. तरी इचारतो." सुमन हो म्हणाली. का म्हणालीस, असं मी तिला पुढे विचारलं तर म्हणते, "लंगडत आला मागनी घालायला. म्हटलं, ह्यो आता पलून जात नाय."

म्हणजे बघा, अख्ख्या खाडीकाठावर झालेला सगळ्यात भारी सौदा माझा. काशिनाथ गावचा जावई झाला, पुढची सहा वर्षं आमच्याकडून खेळला, आणि हिराजी कुठेच गेला नाही. करावेवाले आजही मला लग्नाकार्यात पहिल्या पंगतीला बसवत नाहीत.

ते मैदान आता नाही. नकाशातला तो सेक्टर खरोखरीच उगवला आणि त्यातल्या एका इमारतीत दहाव्या मजल्यावर मी राहतो. माझ्या अंदाजाने डावा कोपरा आमच्या वॉचमनच्या केबिनपाशी येतो. हिराजी निवृत्त झाला त्या दिवशी मी त्याला तिथे नेऊन दाखवलं. तो दोन मिनिटं उकिडवा बसला. वॉचमनने विचारलं, "किसके यहाँ जाना है?" हिराजी म्हणाला, "हितंच."

तर परवा फोन आला, "भाऊ, ठनकायला लागला," आणि मी हिराजीला घेऊन करावेला गेलो. दर वर्षीचा रिवाज. हिराजी पिशवीतून जाड मिठाची पुडी काढतो, कुठून मिळवतो देव जाणे. सुमन घमेल्यात गरम पाणी आणते. काशिनाथ पाय आत सोडतो, हिराजी पुढ्यात बसतो आणि मीठ घालून तो घोटा हातात धरून शेकत राहतो. दोघांचीही डोकी पांढरी. खिडकीतून खाडीचा वारा. मी आपला उगाच बोलत असतो, रेड्याचं, उडवीचं, माकडांचं. कोणी मला अडवत नाही.

"बरं वाटलं," काशिनाथ शेवटी म्हणाला. "सोड आता."

हिराजीने मान वर केली नाही. सुमन स्वयंपाकघरात होती. तिथून कुकरची शिट्टी अजून झाली नव्हती.